प्रश्न कोणी विचारायचा? : कोलंबियातील समाजशास्त्र आणि आपण

रोहणा हे वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातले कापसाचे गाव. पुलगावहून आर्वीला जाणारी अरुंद रुळांची गाडी पूर्वी रोहण्यावरून जात असे. ती आता बंद झाली आहे. याच गावात मी राहतो. बारावीनंतर काय शिकावे हे विचारायला वस्तीतली मुलेमुली माझ्याकडे येतात. त्यांतली बरीच मुले बी.ए.ला समाजशास्त्र घेतात. पण घेतात ती सोपा विषय म्हणून. परदेशी जाण्याची भाषा निघाली की ती इंजिनिअरिंगची किंवा संगणकाची असते. समाजशास्त्र शिकायला कोणी परदेशी जाईल ही कल्पनाच त्यांना चमत्कारिक वाटते. 'जात तर इथेच आहे, ती शिकायला अमेरिकेत कशाला जायचे?' असे एका मुलीने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उपदेशाने नव्हे, इतिहासानेच दिले पाहिजे.

तो इतिहास १९१३ सालचा आहे. त्या वेळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग नव्हता. तो १९१९ साली पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली सुरू झाला. याचा अर्थ जातीविषयी त्यापूर्वी कोणी लिहीत नव्हते असा नाही. लिहिणारे मुख्यतः दोन होते. एक शास्त्री-पंडित, जे जातीचे मूळ धर्मग्रंथात सांगत. दुसरे गोरे अंमलदार, जे शिरगणतीच्या निमित्ताने जातींच्या याद्या करीत. १९०१ च्या शिरगणतीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी तर माणसांची नाके मोजून जातीचा उगम वंशभेदात आहे असा सिद्धांत मांडला. या दोन्ही ठिकाणी अस्पृश्य माणूस होता, पण कसा? शास्त्र्यांच्या पोथीत तो निषिद्ध म्हणून होता आणि अंमलदाराच्या वहीत नमुना म्हणून होता. विचारणारा तो कोठेच नव्हता.

विसाव्या शतकाच्या आरंभी जातीचा अभ्यास घेऊन अमेरिकेत गेलेला एक मराठी विद्यार्थी म्हणजे श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांचा जन्म रायपूरचा आणि शालेय शिक्षण अमरावतीचे, म्हणजे आमच्या शेजारच्या वऱ्हाडातले. १९०६ साली ते न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात गेले. 'हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया' हा त्यांचा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला आणि १९११ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. पुढे ते ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले. त्यांच्या ग्रंथाचा मुख्य आधार मनुस्मृती हा आहे. जातीला एकटी न पाहता जातींच्या व्यवस्थेचा भाग म्हणून पाहिले पाहिजे, ही त्यांची दृष्टी महत्त्वाची होती आणि तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तरीही ब्राह्मण कुटुंबातून आलेल्या या विद्वानाला जातीचा प्रश्न ग्रंथातून भेटला होता, हेही विसरता येत नाही.

दोनच वर्षांनी, जुलै १९१३ मध्ये, दुसरा मराठी विद्यार्थी न्यूयॉर्कला उतरला. भीमराव रामजी आंबेडकर यांचे वय तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वडील वारले होते. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती आणि तिच्या मोबदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांचा हिशेब उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन प्रत्येकी एक. तीन वर्षांत साठ अभ्यासक्रम! बाबासाहेब मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते हे या आकड्यांवरून उघड आहे. पण अर्थशास्त्राच्या पदवीसाठी आलेल्या या विद्यार्थ्याने समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र मिळून दहा अभ्यासक्रम घेतले, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे.

त्या वर्गांत त्यांना काय मिळाले? समाजशास्त्राचे प्राध्यापक फ्रँकलिन गिडिंग्ज होते. समाज हा समानतेच्या जाणिवेवर उभा राहतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांवरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९०३ साली निघाले होते आणि त्याला गिडिंग्ज यांचीच प्रस्तावना होती. मानववंशशास्त्रात फ्रांझ बोआस होते. ज्या काळात अमेरिकेतले प्रतिष्ठित विद्वान काळ्या माणसाचे हीनत्व कवटीच्या मापाने सिद्ध करीत होते, त्या काळात बोआस यांनी १९११ च्या ग्रंथात वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेवरच घाव घातला होता. त्यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेब बसत. तत्त्वज्ञानाच्या वर्गात जॉन ड्युई होते.

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. निबंध लहान आहे, पण त्यातली मांडणी आजही ताजी वाटते. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या बाबासाहेब एकेक करून तपासतात. केतकरांच्या व्याख्येला ते सर्वांत अधिक मान देतात आणि तिच्यातही दुरुस्ती सुचवतात. केतकरांनी सांगितलेली परजातीत विवाहाला बंदी आणि जन्मावरून सभासदत्व ही दोन लक्षणे वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे ते दाखवतात. जातीचे सार जातीअंतर्गत विवाहात आहे हा त्यांचा निष्कर्ष.

पुढचा टप्पा याहून धारदार आहे. जातीच्या आतच लग्ने व्हायची तर स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. पती मेला तर स्त्री उरते, पत्नी मेली तर पुरुष उरतो. या उरलेल्यांचे काय करायचे? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही या हिशेबाची उत्तरे होत, असे बाबासाहेब सांगतात. या रूढींच्या गौरवाचे तत्त्वज्ञान मागाहून आले. गरज आधी होती. अशा रीतीने स्त्रीचे दास्य आणि जातीची भिंत ही एकाच यंत्रणेची अंगे आहेत हे पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९१६ साली दाखवून दिले. पुरोहितवर्गाने प्रथम स्वतःभोवती कुंपण घातले. मग काहींनी त्याचे अनुकरण केले आणि उरलेल्यांवर बंद दारे लादली गेली. वंशसिद्धांत येथे निकालात निघतो.

या निबंधात लेखकाने स्वतःच्या अपमानाची एकही हकीकत सांगितलेली नाही. आपली चळवळ आणि आपले साहित्य आत्मकथनांनी समृद्ध झाले आहे, आणि त्या अनुभवकथनाचे मोल मी कमी लेखत नाही. पण अनुभव सांगणे आणि अनुभवाची यंत्रणा उलगडून दाखवणे ही दोन वेगळी कामे आहेत. जातीची माहिती मिळवण्यासाठी बाबासाहेबांना न्यूयॉर्कला जाण्याची गरज नव्हती; ती त्यांना साताऱ्याच्या शाळेतच मिळाली होती. कोलंबियाने त्यांना तपासणीची साधने दिली आणि ज्या वर्गात त्यांची जात कोणी विचारीत नव्हते असा वर्ग दिला. ज्याला आजवर तपासले गेले तोच तेथे तपासणारा झाला.

आता कोणी म्हणेल, या विद्येने जात गेली काय? नाही गेली. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते १९१७ साली परतले, आणि बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी असल्याचे सांगून धर्मशाळेत मिळवलेली जागाही हातात काठ्या घेतलेल्या लोकांनी सोडायला लावली. पदवीने एकट्या माणसाची सुटका होत नाही हे येथे सिद्ध झाले. पण विद्या वाया गेली नाही. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो कमिटीपुढे अस्पृश्यांच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाची बाजू मांडताना त्यांनी समाजगटांच्या परस्परव्यवहाराची जी चर्चा केली, तिच्यात ड्युईंच्या वर्गातल्या संकल्पना सरळ दिसतात. परिसंवादातले समाजशास्त्र तीन वर्षांच्या आत मताधिकाराच्या मागणीचे हत्यार झाले. पुढे 'जातिनिर्मूलन' हे भाषण सुधारून त्यात कोलंबियातला हा निबंध समाविष्ट करण्याचाही त्यांचा विचार होता.

एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला, तेव्हा भर विज्ञान आणि तंत्रशिक्षणावर दिला होता. कला आणि कायदा यांचा तितका उपयोग नाही असे म्हटले होते. मग समाजशास्त्राचा आग्रह कशाला? माझ्या मते त्या मागणीकडे तिच्या काळाच्या संदर्भात पाहिले पाहिजे. विज्ञानशिक्षण खर्चाचे होते, त्यातून मिळणाऱ्या जागा अधिकाराच्या होत्या आणि आपली मुले तेथे जवळजवळ नव्हतीच. बाबासाहेबांनी बंद दार उघडा असे म्हटले. उघडे दार बंद करा असे म्हटले नाही.

दार बंद करण्याचे काम पुढे दुसऱ्यांनी केले. अनुसूचित जातींसाठी केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. ती पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएच.डी.साठी दिली जाते, बी.ए.च्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग होत नाही. बारावीनंतर परदेशी शिकायला जाणे हे त्यामुळे पैसेवाल्या घरांपुरतेच राहिले आहे. परंतु फेब्रुवारी २०२२ मध्ये याहून गंभीर गोष्ट घडली. २०२२-२३ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचे सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. या विषयांची साधने देशातच मुबलक आहेत, त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही, असे समर्थन करण्यात आले. हा नियम १९१६ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीला लागू असता तर जातींवरचा तो निबंध नियमबाह्य ठरला असता.

साधने देशात आहेत हे खरेच आहे, रोहण्यातही आहेत. प्रश्न साधनांचा नसून प्रश्नकर्त्याच्या स्थानाचा आहे. कोणाच्या मार्गदर्शनाखाली, कोणत्या तुलनेच्या चौकटीत आणि किती निर्भयपणे तो प्रश्न विचारू शकतो, यावर उत्तर अवलंबून असते. शिवाय जात आता देशातच राहिलेली नाही. हिंदू माणूस जगात पसरला तर जात हा जगाचा प्रश्न होईल, हा केतकरांचा इशारा बाबासाहेबांनी त्याच निबंधात नोंदवला होता. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली, तेव्हा तो इशारा अमेरिकेच्या कायद्यात उतरला. तेथे जात आहे, तिचे बळी आहेत. मग तेथे तिचा अभ्यास करणारा आपला विद्यार्थी मात्र नसावा, हे कोणते तर्कशास्त्र?

म्हणून शिक्षकांनी समाजशास्त्र हा सोपा विषय म्हणून मुलांच्या गळ्यात मारणे थांबवले पाहिजे. बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून मुलांना गावाची नोंद करायला लावावी : जमीन कोणाच्या नावावर आहे, मजुरी कोण ठरवतो, पाणी कोठून येते, लग्ने कोठे जुळतात, कोणत्या घरचा चहा कोण पितो. १९१६ चा तो निबंध मुळातून वाचून घ्यावा. तो जेमतेम वीस-पंचवीस पानांचा आहे. कार्यकर्त्यांनी वगळलेल्या विषयांचा आणि पदवीपूर्व विद्यार्थ्यांचा प्रश्न मोर्चाच्या मागण्यांत घातला पाहिजे. त्या मुलीला मी एवढेच सांगितले की जात इथेच आहे हे अगदी खरे. पण तिच्याविषयीचे प्रश्न आजवर बहुतेक दुसऱ्यांनी विचारले आहेत, आणि ते आपण विचारायचे तर त्याची तयारी जिथे उत्तम होईल तिथे जाण्याचा तुला हक्क आहे.