चाफा कुणाचा?

गेल्या मे महिन्यात अम्मीच्या कबरीशेजारी चाफ्याची फांदी लावत होतो. सोबत आलेला माझा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, ह्यो तर देवळातला चाफा हाय की!"

त्याचं चुकलं नव्हतं. पांढऱ्या चाफ्याला आपण देवचाफाच म्हणतो. पण कोल्हापूर परिसरात तो देवळाच्या आवारात दिसतो, तसा कब्रस्तानातही दिसतो. मग मुळात तो कुणाचा?

खरं तर दोघांचाही नाही. त्याचं माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतलं. पुढच्या काळात युरोपीय जहाजांतून अमेरिकेतली कितीतरी झाडं इकडे आली. आपल्या तांबड्या रश्श्यातली मिरची त्यातलीच, आणि हा चाफाही. शास्त्रीय नाव प्लुमेरिया; ते शार्ल प्लुमिए (1646–1704) या फ्रेंच ख्रिस्ती साधूवरून पडलं. तो वनस्पतींचा मोठा अभ्यासक होता. उर्दूत याला गुलचीन म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, चीनचं फूल! चीनशी याचा संबंध नाही. फारसीत गुलचीन म्हणजे फुलं वेचणारा.

मराठीत चाफा आधीपासून होता, तो सोनचाफा, संस्कृतातला चंपक. नव्या झाडाचं त्याच्याशी कुळाचं काहीही नातं नाही. याची फांदी मोडली की पांढरा चीक गळतो, सोनचाफ्याला चीकच नाही. तरी मराठीने या परक्याला चाफा हे आडनाव दिलं, आणि वर 'देव'ही जोडला.

आपल्याकडे या झाडाला शेंगा क्वचितच धरतात. म्हणजे आज दिसणारा जवळजवळ प्रत्येक चाफा कुणीतरी कुणाला दिलेल्या फांदीतून वाढलेला आहे. लावणं सोपं. हातभर फांदी कापावी, आठ-दहा दिवस सावलीत ठेवून चीक वाळू द्यावा आणि पावसाआधी लावावी. आपल्या काळ्या मातीत पाणी साचतं, फांदी बुडातून कुजते; म्हणून खड्ड्यात मुरूम आणि वाळू घालावी. थंडीत पानं झडली तर झाड मेलं समजू नये. उन्हाळ्यात उघड्या फांद्यांवरच फुलं येतात.

निघताना त्या मुलाने विचारलं, "सर, एक फांदी आमच्यात पण लावू?"

मी कब्रस्तानातल्या जुन्या झाडाची फांदी कापून त्याच्या हातात दिली. म्हटलं, "लाव की. पण आधी चीक वाळू दे."