पोपटाने काढलेलं पान आणि त्यातला राम

आळंदीला घाटाकडे जाताना पोपटवाला ज्योतिषी पाहिलाय ना? नाव सांगायचं, पोपट पिंजऱ्यातून बाहेर यायचा, चोचीने एक पाकीट ओढायचा आणि दाणा खाऊन परत आत. पाकिटात देवाचं चित्र.

माझ्या वडिलांना राम निघाला. ते तेव्हा चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर होते. प्रश्न एकच, पर्मनंट कधी? ज्योतिषी म्हणाला, "सध्या वनवास आहे, पण राज्य मिळणार." वडिलांनी पुढची चार वर्षं दुसरी नोकरी शोधलीच नाही. मग कंत्राट संपलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे, पानावरची ही माणसं वाचायची तरी कशी?

मुळात ती भविष्यासाठी नव्हतीच. इजिप्तच्या मामलुक काळातल्या पत्त्यांत राजा, नायब आणि दुसरा नायब असत. चेहरे नाहीत, नुसतं हुद्द्याचं नाव. म्हणजे ती माणसं नव्हेत, पदं. बाबराने 1527 मध्ये सिंधला शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याचं बाबरनाम्यात आहे, तीही खेळायलाच. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा बघा. 120 गोल पानं, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि दहा साधी पानं. तिथे रामाचा राजा हाती आला तर कुणी वनवासाला घाबरत नसे, उलट खूश व्हायचं! भारी पान आलं.

पदाचं माणूस झालं ते युरोपात. 1770 मध्ये एत्तेय्या नावाच्या फ्रेंच माणसाने पत्त्यांवरून भविष्य सांगायचं पुस्तक काढलं. 32 पत्त्यांत त्याने एक जास्तीचं पान घातलं, प्रश्न विचारणाऱ्याचं. पुढे लेनोर्मां नावाने खपलेल्या 36 पानांच्या जोडात एक पुरुष आणि एक स्त्री असते. विचारणारा पुरुष असला की ते पुरुषाचं पान म्हणजे तो, आणि आजूबाजूची पानं म्हणजे त्याची परिस्थिती. (तो जोडही आधी फाशांचा खेळच होता, बरं का.)

पोपटाच्या पाकिटांत मात्र तुमचं पान नसतंच. निघतो देव, आणि त्याच्या गोष्टीतला कुठला तुकडा तुमचा, हे ज्योतिषी तुमचा चेहरा आणि प्रश्न बघून ठरवतो. खरी कला तिथे आहे. त्याच दिवशी आत्यालाही रामच निघाला होता, अगदी तसंच चित्र. तिचा प्रश्न लग्नाचा. तिला स्वयंवर सांगितलं.

आता पोपटही दिसत नाहीत फारसे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आपले पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे.

हे सगळं मी वडिलांना वाचून दाखवलं. म्हटलं, तुम्हाला वनवास कुणी दिला, राज्यावर कोण बसलं, हे त्याने सांगितलंच नाही की.

"ते कशाला सांगायला पाहिजे," वडील म्हणाले. "ठेकेदाराचा भाचा पर्मनंट झाला ना."