लाल ठिपका

माझ्या टेबलावर एक विमान उभं आहे. या पंखाच्या टोकापासून त्या पंखाच्या टोकापर्यंत मोजलं तर जेमतेम १७ सेंटिमीटर. खऱ्या विमानाचे पंख ४० फुटांचे होते, हे त्याचं बहात्तर पटींनी लहान केलेलं प्लास्टिकचं रूप. विमानाचं नाव हॉकर हरिकेन. हे मी १९७४ साली जुळवायला घेतलं आणि पुरं केलं २०२१ साली. मधल्या सत्तेचाळीस वर्षांचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

त्या वेळी मी बारा वर्षांचा होतो. आम्ही साताऱ्यात राहत होतो. आतेभाऊ बोटीवर नोकरीला होता, त्यानं लंडनहून हा डबा आणला. अशा वस्तू तेव्हा आपल्याकडच्या दुकानांत सहजासहजी मिळत नसत. त्यामुळे तो डबा म्हणजे आमच्या आळीतला एक चमत्कारच होता. झाकणावर ढगांतून झेपावणारं विमान, पंखांवर निळ्या वर्तुळात लालभडक ठिपका. आत प्लास्टिकच्या फांद्यांना लगडलेले सुटे भाग, डिंकाची छोटी नळी आणि पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांचा एक कागद.

थोरले काका आमच्याबरोबरच राहत. ते वायुदलात फिटर होते आणि लढाईच्या वेळी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते, एवढंच आम्हा मुलांना ठाऊक होतं. एरवी कशात न पडणारे काका त्या दिवशी चष्मा लावून माझ्याजवळ येऊन बसले. डिंकाचा वास घेतला आणि म्हणाले, ‘‘असाच वास असायचा बघ डोपला.’’ मी डाव्या पंखावर पहिलं वर्तुळ चिकटवत होतो. ते पाहून म्हणाले, ‘‘हे लाल नको. आमच्या विमानांना लाल नव्हतं.’’

मी म्हणालो, ‘‘काका, तुम्हाला नाही कळत यातलं. डब्यावर दिलंय तसंच करायचं असतं.’’

काकांनी झाकणावरच्या चित्राकडे पाहिलं. ‘‘बरं,’’ म्हणाले, चष्मा खिशात ठेवला आणि उठून गेले. पुन्हा काही ते माझ्याजवळ येऊन बसले नाहीत. चार दिवसांनी माझा डिंक संपला, मग परीक्षा आली आणि डबा माळ्यावर गेला. १९८९ साली काका गेले.

पुढे मी शिक्षक झालो, तेही इतिहासाचा. पस्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. दुसरं महायुद्ध शिकवताना हिटलर, चर्चिल, स्टालिन, हिरोशिमा असं सगळं फळ्यावर यायचं. इंफाळचं नाव एखाद्या ओळीत येऊन जायचं. त्या ओळीतला एक माणूस चार वर्षं आमच्याच ओसरीवर बसलेला होता आणि मी तेव्हा शिक्षकी करत होतो. पण त्याला चार प्रश्न विचारावेत असं मला सुचलं नाही.

निवृत्तीनंतर माळा आवरताना डबा सापडला. विमानाचं धड जुळवलेलं, डावा पंख चिकटवलेला, उजवा सुटा. एक चाक गायब. चित्रांचा कागद पिवळा पडून तडकलेला. डाव्या पंखावर मात्र ते वर्तुळ शाबूत होतं, लाल ठिपक्यासकट. आता हातात वेळ होता. म्हटलं, पुरं करू. आणि करायचंच तर खरं काय ते पाहून करू. म्हणून पुस्तकं काढली.

हरिकेन पहिल्यांदा उडालं ६ नोव्हेंबर १९३५ रोजी इंग्लंडमध्ये. सिडनी कॅम हा त्याचा रचनाकार. विमान नव्या काळाचं, पण बांधणी बरीचशी जुन्या वळणाची. मागच्या अर्ध्या धडात पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणून बसवलेलं कापड. कापडावर डोप नावाचं रोगण चढवलं की ते वाळून ढोलकीच्या पानासारखं ताठ होई. यात एक मोठी सोय होती. गोळी आरपार गेली आणि आतली नळी वाचली, तर भोकावर कापडाचं ठिगळ लावायचं, डोप फासायचं आणि विमान पुन्हा उडवायचं. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात झालेल्या लढाईत शत्रूची सर्वाधिक विमानं पाडली ती हरिकेननं, पण नाव झालं देखण्या स्पिटफायरचं. युद्ध संपेपर्यंत चौदा हजारांवर हरिकेन तयार झाली आणि त्यांतली काही आपल्या वायुदलाकडे आली.

आपलं वायुदल स्थापन झालं ८ ऑक्टोबर १९३२ रोजी. पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला उभी राहिली, तेव्हा तिच्यात सहा अधिकारी, एकोणीस हवाई सिपाही आणि चार वापिती विमानं होती. अकरा वर्षांनी, फेब्रुवारी १९४४ मध्ये, हीच स्क्वाड्रन हरिकेन घेऊन इंफाळला पोचली. तिचे प्रमुख होते अर्जन सिंग, वय वर्षं चोवीस. पुढे ते हवाई दलप्रमुख झाले आणि २००२ साली मार्शल ऑफ द एअर फोर्स.

मार्चमध्ये जपानी फौजा चिंदविन नदी ओलांडून आल्या. कोहिमाकडून येणारा रस्ता तुटला आणि इंफाळचं खोरं वेढलं गेलं. धान्य, दारूगोळा, पेट्रोल सगळं विमानानं आत यायचं, जखमी विमानानं बाहेर जायचे. आपल्या स्क्वाड्रनचं मुख्य काम टेहळणीचं होतं. हरिकेन जोडीनं निघत. पुढचा वैमानिक खाली पाहायचा. रस्त्यावर चाकांच्या खुणा, झाडीत धूर, नदीवर नवा पूल. मागचा वैमानिक आकाशावर नजर ठेवून पुढच्याची पाठ राखायचा. डोंगररांगांमधून, झाडांच्या शेंड्यांवरून हे उड्डाण असे आणि मे महिन्यापासून त्यात पावसाची भर. विमान परतलं की फिटर आणि रिगर चिखलात उभं राहून ते पुन्हा तयार करत. २२ जून १९४४ रोजी कोहिमाच्या रस्त्यावर १०९व्या मैलाजवळ दोन्हीकडच्या तुकड्या भेटल्या आणि वेढा उठला. अर्जन सिंगांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला.

याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. वेढा घालणाऱ्या जपान्यांबरोबर आझाद हिंद सेनेचे सैनिक होते. १४ एप्रिल १९४४ रोजी इंफाळच्या दक्षिणेला मोइरांग इथे त्यांनी तिरंगा फडकवला. म्हणजे खालच्या रानात भारतीय, वरच्या विमानात भारतीय. आमच्या ओसरीवरच्या भिंतीवर नेताजींची तसबीर होती आणि तिच्याच खाली काकांची आरामखुर्ची. तिथे बसून काकांनी इंफाळच्या गोष्टी कुणाला सांगायच्या आणि कशा? सांगितल्या असत्या तर कुणीतरी विचारलंच असतं, ‘‘तुम्ही कुणाच्या बाजूनं होता?’’ या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. वीस वर्षांचा मुलगा १९४२ साली पोटासाठी, घराण्याच्या रिवाजासाठी किंवा विमानाच्या वेडापायी भरती झाला असेल. याच माणसांनी १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगरच्या धावपट्टीवर विमानं उतरवली आणि सांभाळली, हेही तितकंच खरं. पण हे सगळं मी आज म्हणतो आहे. तेव्हा आम्ही काकांना प्रश्नही विचारला नाही आणि गप्प बसल्याचं श्रेयही दिलं नाही.

आता त्या लाल ठिपक्याकडे येतो. इंफाळच्या काळातली हरिकेनची कृष्णधवल छायाचित्रं पाहत होतो. एक गोष्ट खटकली. पंखांवरच्या वर्तुळाचा मधला भाग कडेपेक्षा फिका दिसत होता. लाल रंग असता तर तो अशा छायाचित्रात गडद दिसायला हवा. मग शोध घेतला, तेव्हा उलगडा झाला. जपानी विमानांवर उगवत्या सूर्याचं चिन्ह असे, लाल गोळा. आकाशात क्षणभर दिसणाऱ्या विमानावर लाल ठिपका दिसला की आपलेच तोफखानेवाले आणि आपलेच वैमानिक गोळी झाडण्याचा धोका. म्हणून १९४३ च्या मध्याला हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या विमानांवरून लाल रंग हटवण्यात आला. पुढे रूढ झालं ते गडद निळं वर्तुळ आणि आत फिका निळा ठिपका. शेपटीवरच्या पट्ट्यातला लालही गेला. असलेल्या विमानांवर हे काम कुणी केलं? तळावरच्याच माणसांनी, ब्रश हातात घेऊन.

काका बरोबर होते. डब्यावरचं चित्रही खोटं नव्हतं, ते युरोपातल्या विमानाचं होतं. पण छापलेलं चित्र समोर असताना, स्वतःच्या हातानं ते विमान दुरुस्त केलेल्या माणसाला मी ‘तुम्हाला कळत नाही’ म्हणालो होतो. आणि पुढे पस्तीस वर्षं मुलांना ‘पुस्तकात दिलंय तसंच लिहा’ असं सांगत आलो.

मग कामाला लागलो. सांधे लांबीनं भरले, पॉलिश पेपरनं घासले. उजवा पंख बसवला. हरवलेलं चाक लाकडाचं कोरून केलं, ते किंचित तिरकं झालं आहे. वरून मातकट आणि हिरवा रंग दिला. बाकीची पाच वर्तुळं कंपासनं आखून हातानं रंगवली. राहिलं ते डाव्या पंखावरचं जुनं वर्तुळ. खरवडून काढणं सोपं होतं, पण मी ते काढलं नाही. निळ्यात पांढरा मिसळून फिका निळा तयार केला आणि बारीक ब्रशनं त्या लाल ठिपक्यावर चढवला. पहिल्या हातात लाल खालून डोकावत राहिला. दुसरा हात दिला, तेव्हा झाकला गेला.

दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात खरं हरिकेन आहे. सवड काढून जरूर पाहा. पण त्याआधी, घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. ते काही सांगू लागलं तर डब्यावरचं चित्र थोडा वेळ बाजूला ठेवा. मला बसायला सत्तेचाळीस वर्षं उशीर झाला. रंग वाळत होता तेव्हा खोलीभर तोच वास पसरला होता आणि शेजारची खुर्ची रिकामी होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)