कोडच्या माथ्यावरचे साल

पोस्टग्रेसक्यूएल या मुक्तस्रोत डेटाबेसच्या बहुतेक जुन्या फाइलींच्या माथ्यावर स्वामित्वहक्काच्या दोन ओळी असतात. एक पोस्टग्रेसक्यूएल ग्लोबल डेव्हलपमेंट ग्रुपची, १९९६ पासून चालू वर्षापर्यंतची. दुसरी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट्सची, म्हणजे त्याच्या नियामक मंडळाची. तिचे साल १९९४ वरच थांबलेले.

या ओळींचे मूळ छापखान्यात आहे. पुस्तकावर हक्काची नोंद छापलीच पाहिजे, असा कायदा अमेरिकेने १८०२ मध्ये केला. १८७४ मध्ये ती नोंद साल आणि नाव एवढ्यावर आली. वर्तुळातला ‘सी’ १९०९ च्या कायद्यात कलाकृतींसाठी आला आणि १९५२ च्या जिनिव्हातील स्वामित्वहक्क करारानंतर जगभर पसरला. जुन्या आस्की अक्षरसंचात हे चिन्ह नव्हते, म्हणून प्रोग्रामर कंसात ‘सी’ लिहू लागले.

मायकेल स्टोनब्रेकर यांनी याच विद्यापीठात, बर्कली येथे, १९८६ मध्ये पोस्टग्रेसचे काम सुरू केले, तेव्हा अमेरिकेत ही नोंद सक्तीची होती. १ मार्च १९८९ पासून बर्न स्वामित्वहक्क करार तिथे लागू झाला आणि सक्ती संपली. तरी ओळ राहिली. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी पोस्टग्रेसला एसक्यूएल या डेटाबेस-भाषेची जोड दिली. १९९६ मध्ये प्रकल्पाला आजचे नाव मिळाले आणि त्याच सालापासून ग्रुपची ओळ मोजली जाते.

आता दर जानेवारीत पर्ल भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट सगळ्या फाइली चाळून ग्रुपच्या ओळीतले शेवटचे साल पुढे नेते. ब्रूस मोमजियन यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे. जुन्या आवृत्त्यांच्या शाखांत फक्त परवान्याची फाइल आणि दस्तऐवजातले कायदेशीर पान बदलतात. रीजंट्सच्या सालाला स्क्रिप्ट हात लावत नाही.

साल बदलल्याने जुन्या कोडवरच्या हक्काची मुदत वाढत नाही. तरीही हे काम मोलाचे आहे, आणि त्याचे कारण परवान्यातच आहे. हा कोड फुकट वापरा, बदला, वाटा. अट एकच, की हक्काची नोंद आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीत राहावा. जो प्रकल्प जगाकडे एवढेच मागतो, त्याने ती नोंद स्वतः अचूक ठेवलीच पाहिजे. विद्यापीठाचे श्रेय विद्यापीठाकडे ठेवून पुढच्यांचे काम त्यापुढे मांडणे, हा प्रामाणिकपणा या प्रकल्पाने जपला आहे.