वाचनालयाचा पडदा

श्रोतेहो, दिवाळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, पाहुणेरावळे येतात, दुकाने लागतात. दिवसा दंडार किंवा खडी गंमत रंगते आणि रात्री नाटक असते. दहाच्या सुमारास पडदा वर गेला की पहाटेपर्यंत नाटक चालते. थंडी मी म्हणत असते, पण माणूस जागचा हलत नाही. घोंगडी पांघरून बसलेल्या आजीच्या मांडीवर नातू झोपी गेलेला असतो. आजीने शाळेचे तोंड पाहिलेले नसते, पण नाटकातली पदे तिला तोंडपाठ असतात.

त्याच गावात एखादे सार्वजनिक वाचनालयही असते. सकाळी वर्तमानपत्र चाळायला काही मंडळी येतात, दुपारी कुलूप लागते. ती आजी तिथे कधी गेलेली नसते. वाचता येत नाही, तर वाचनालयात जाऊन करायचे काय? करमणूक मैदानात आणि ज्ञान कपाटात, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. पण ही वाटणी सर्वांनाच मान्य होती असे नाही. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी संस्थानिकाने वाचनालयाच्या खर्चाने गावोगाव सिनेमा दाखवला होता. ती हकिकत आज सांगावी म्हणतो.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी 1863 मध्ये जन्मलेले सयाजीराव गायकवाड 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले. अमरेली भागात 1893 मध्ये त्यांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 पासून तो साऱ्या संस्थानात लागू केला. पण शाळा सोडल्यावर मुलगा पुन्हा निरक्षर होऊ नये, यासाठी काय करायचे, हा प्रश्न त्यांना पडला. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी 1910 मध्ये बडोद्यास बोलावून घेतले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. त्या काळात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. गावात वाचनालय काढायचे तर लोकांनी जेवढी वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा नियम झाला.

तरीही एक अडचण उरलीच. पेटी गावात पोचली, पण ती उघडून वाचणार कोण? मोठी माणसे, विशेषतः बायका, बहुतेक निरक्षर होत्या. म्हणून ग्रंथालय खात्यातच दृश्य शिक्षणाची एक शाखा काढण्यात आली. सिनेमाची यंत्रे, मॅजिक लँटर्न आणि स्टिरिओस्कोप असा तिचा सरंजाम होता. स्टिरिओस्कोप म्हणजे डोळ्यांना लावून पाहायचे साधन. त्यात दोन सारखी चित्रे एक होऊन खोली असलेले एकच दृश्य दिसते. रात्री मोकळ्या जागेत पडदा लावायचा आणि साऱ्या गावाला फुकट खेळ दाखवायचा. बॉर्डन यांच्यानंतर या चळवळीची धुरा वाहणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर हे मराठी गृहस्थ होते. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक 1919 मध्ये निघाले. या खात्याच्या त्रैमासिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही छापला जाई.

हा काळ ध्यानात घ्या. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईत लागला. फाळक्यांचे शिक्षणही बडोद्याच्या कलाभवनात झालेले. त्याआधी, 1892 पासून, कल्याणच्या पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ करून लोकांना चकित केले होते. म्हणजे पडद्यावरचे चित्र मराठी माणसाला अगदीच अपरिचित नव्हते. पण तो तिकीट काढून पाहायचा खेळ होता. बडोद्याने तो वाचनालयाच्या कामात धरला. ज्याला वाचता येत नाही तोही वाचनालयाचा सभासद आहे, असे त्यामागचे मानणे होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

स्वातंत्र्यानंतर हाच विचार दिल्लीत पुन्हा दिसतो. युनेस्कोच्या मदतीने उभारलेल्या दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाचे उद्घाटन 27 ऑक्टोबर 1951 रोजी पंडित नेहरूंनी केले. त्या वर्षीच्या जनगणनेत देशातले साक्षर होते शेकडा 18. म्हणून तिथे समाजशिक्षणाचा वेगळा विभाग होता. चित्रपट, व्याख्याने, नाटके, संगीत आणि चर्चामंडळे हे त्याचे काम. अनामत रक्कम न घेता पुस्तक घरी न्यायला देणारे हे ग्रंथालय जुन्या दिल्लीच्या गजबजाटात होते आणि तिथे माणसे नुसती बसायलाही येत.

आता आपल्या रेडिओची गोष्ट. पुणे आकाशवाणीने 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पश्चिम महाराष्ट्राच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत श्रोतेमंडळे स्थापन झाली. शेती, आरोग्य, गावकारभार अशा विषयांवरचे कार्यक्रम मंडळाने एकत्र ऐकायचे आणि लगेच त्यावर बोलायचे. एकूण 20 कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली. तीत मंडळांची गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे अशी तुलना होती. मंडळांच्या गावांत लोकांचे ज्ञान ठळकपणे वाढलेले दिसले. नुसत्या रेडिओच्या गावांत ती वाढ फारच थोडी होती. म्हणजे फरक पडला तो एकत्र बसून बोलण्याने. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्याच वर्षीच्या 1 नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला. नागपूरचे आकाशवाणी केंद्र मात्र 1948 पासून आपल्या कानाशी होते.

एवढे सगळे माहीत असूनही पुढे काय झाले? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 मध्ये झाला. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, अनुदान सुरू झाले आणि खेड्यापाड्यांत वाचनालये निघाली. हे उपकार मोठे आहेत. पण दर्जा ठरवताना मुख्यतः मोजायचे ते ग्रंथ, नियतकालिके आणि वाचक. नोंदवहीत वाचकांची सही असते, ऐकणाऱ्यांची नसते. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 मध्ये स्थापन झाले. त्याच्या योजनेतून ग्रंथालयांना टीव्ही आणि व्हीसीआर संच घेण्यासाठी साहाय्य मिळू लागले. म्हणजे साधन येण्याची वाट मोकळी झाली. पण साधनाबरोबर माणसे जमवणारा आणि त्यांना बोलते करणारा कोणी हवा, हा पुण्याच्या प्रयोगाचा धडा कोणत्या योजनेत बसवायचा? पुढे घरोघरी टीव्ही आला, व्हीसीआरची सद्दी संपली, आणि 2016 मध्ये तर त्याचे उत्पादनही थांबले.

कोणी म्हणेल, आता याची गरज काय? 2011 च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची साक्षरता 84 टक्क्यांच्या घरात आहे. हातोहाती मोबाइल आहे, जगातला वाटेल तो सिनेमा त्यात दिसतो. खरे आहे. पण त्या मोबाइलमध्ये आपल्या गावची दंडार किती आहे? बडोद्यापासून व्हीसीआरपर्यंत सगळा प्रवाह एकाच दिशेने होता, शहराकडून गावाकडे. गावापाशी स्वतःचे सांगण्यासारखे काही असेल, याचा विचार फारसा झाला नाही. झाडीपट्टीत तर ते उदंड आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले. झाडीपट्टी रंगभूमीवरील कार्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारदरबारी मान्यता आली. पण खडी गंमतीतला एखादा म्हातारा शाहीर गेला की त्याची पदे, त्याची चाल, त्याचा हजरजबाबीपणा त्याच्याबरोबर जातो. छापील पुस्तकात शब्द उरतील, पण आवाज उरत नाही.

वाचनालयाचा दृकश्राव्य विभाग आज करायचा असेल, तर तो इथे करावा. त्यासाठी मोठी इमारत नको. एक बऱ्यापैकी ध्वनिमुद्रक, दोन ठिकाणी जपून ठेवलेल्या प्रती आणि एक नोंदवही पुरे. मंडईच्या दिवशी कलावंताची परवानगी घ्यावी, मुद्रण करावे आणि नोंदवहीत लिहावे: गाव कोणते, तारीख कोणती, गायले कोणी, शिकवले कोणी. ही नोंद पुस्तकाच्या दाखलनोंदीइतकीच काटेकोर हवी. ती नसेल तर ढीगभर मुद्रण असूनही दहा वर्षांनी काहीच सापडणार नाही. आणि महिन्यातून एका संध्याकाळी वाचनालयाचे दार उघडे ठेवून ते सगळ्यांनी मिळून ऐकावे. ऐकून झाल्यावर बोलावे. कोणी म्हणेल, ही चाल आमच्याकडे वेगळी आहे. मग तीही मुद्रित करावी.

श्रोतेहो, अशा संध्याकाळी ती आजी नातवाचा हात धरून वाचनालयाची पायरी चढेल. तिला पुस्तक वाचायचे नसेल. पण कधीकाळी ऐकलेले पद पुन्हा कानावर पडल्यावर ती पुढचा चरण म्हणेल, आणि तो आपल्याजवळच्या मुद्रणात नसेलच. त्या दिवशी ग्रंथपालाने यंत्र सुरू करून नोंदवही तिच्यापुढे ठेवावी. सही येत नसेल तर अंगठा चालेल.