नाव बदलले, की बाक? प्रवासातील ‘मधल्या वर्गा’चा इतिहास

#थ्रेड #इतिहास #पुणे

१/
लांब पल्ल्याच्या विमानांत आता ‘प्रीमियम इकॉनॉमी’ नावाचा एक वर्ग सर्रास दिसतो. इकॉनॉमीपेक्षा महाग, बिझनेसपेक्षा स्वस्त. अमेरिकेतील मुलांकडे निघालेल्या पुण्याच्या आईवडिलांसाठी तिकीट काढताना हमखास प्रश्न पडतो: या जादा पैशांत नेमके काय मिळते? हा प्रश्न विमानापेक्षा बराच जुना आहे. पुण्याला तो रेल्वेने शिकवला.

२/
१४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला. मुंबईकडून येणारी गाडी मात्र घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीजवळ थांबे. बोरघाटातील मार्ग पूर्ण व्हायला १८६३ साल उजाडले. मधली पाच वर्षे प्रवासी पालखीत, तट्टूवर किंवा बैलगाडीत बसून घाट चढत. ऐपत असलेल्याला भोयांचा खांदा मिळे, नसलेल्याला स्वतःचे पाय. प्रवासातील वर्गभेद पुणेकरांनी आगगाडीच्या डब्यात पाहिला, त्याआधी तो घाटात पाहिला होता.

३/
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, पहिल्या दिवसापासून वर्गवार डबे घेऊन धावली. पहिला, दुसरा आणि तिसरा. उत्पन्नाचा मोठा भार तिसऱ्या वर्गाच्या गर्दीवर होता आणि खर्चाची सर्वाधिक काटकसरही तिथेच होती. या काटकसरीचे टोक १८७० च्या दशकात दिसले. सर्वांत स्वस्त वर्गाच्या डब्यांतून बाकेच गेली. माणसांनी उभे राहावे किंवा फरशीवर बसावे, अशी व्यवस्था झाली. ती बाके १८८५ मध्ये परत आली.

४/
याच काळात एक नवा वर्ग रुजला: ‘इंटर’, म्हणजे मधला. दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडत नाही आणि तिसऱ्याची गर्दी सोसवत नाही, अशा कारकून, शिक्षक, वकील मंडळींसाठी तो होता. उत्तरेत याला ‘ड्योढा’ म्हणत, कारण भाडे तिसऱ्या वर्गाच्या साधारण दीडपट. खालच्या वर्गातून बाक काढून घेतल्यावर साध्या बाकालाही किंमत येते. मधल्या वर्गाचे अर्थशास्त्र तेव्हापासून फारसे बदललेले नाही.

५/
आसनाची तुलना नैतिक प्रश्न म्हणून मांडली ती गांधीजींनी. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने प्रवास केला. भाडे १३ रुपये ९ आणे. डब्यावर २२ प्रवाशांची पाटी होती. या २२ जणांना फक्त बसण्याची जागा होती, आणि मद्रासपर्यंत दोन रात्री काढायच्या होत्या.

६/
त्या प्रवासवर्णनात पुणेही आहे. पुण्यापर्यंत डब्यात २२ पेक्षा अधिक माणसे शिरली नाहीत, पण त्याचे श्रेय रेल्वेच्या शिस्तीला नव्हते. आतले धीट प्रवासी बाहेरच्यांना आत येऊ देत नव्हते, म्हणून. बहुतेकांनी बसल्या बसल्याच झोप काढली. रायचूरनंतर रेटा असह्य झाला आणि एका वेळी डब्यातील संख्या ३५ वर गेली.

७/
गांधीजींनी यावर एक हिशेब मांडला. या मार्गावर पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक होते. मग तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला पहिल्या वर्गाच्या सुखसोयींचा पाचवा हिस्सा, निदान दहावा हिस्सा तरी मिळतो का? आज आसनांची तुलना करणारा प्रत्येक प्रवासी हेच विचारत असतो: भाडे ज्या प्रमाणात बदलते, त्या प्रमाणात आसन बदलते का?

८/
आता दख्खनची राणी. मुंबई-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये पूर्ण झाले आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या: एक रुपेरी, लाल कडांची, दुसरी गडद निळी, सोनेरी रेघांची. डब्यांचे सांगाडे इंग्लंडमधून आले होते, तर वरची बांधणी जीआयपीच्या माटुंगा कार्यशाळेत झाली. गाडीत वर्ग दोनच होते, पहिला आणि दुसरा. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला ही राणी फलाटावरूनच पाहावी लागे.

९/
पुढचा इतिहास मोठा बोलका आहे. १ जानेवारी १९४९ रोजी या गाडीतील पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्या वर्गालाच ‘पहिला’ म्हटले जाऊ लागले. तिसरा वर्ग या गाडीला जोडला गेला जून १९५५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांनी आणि गाडी सुरू झाल्यानंतर पंचवीस वर्षांनी. एप्रिल १९७४ मध्ये या तिसऱ्या वर्गाचे नाव ‘दुसरा वर्ग’ झाले.

१०/
१९७४ चा हा बदल देशभर झाला. ‘थर्ड क्लास’ या शब्दाला मराठीत शिवीची कळा आली होती, त्यामुळे नाव जाणे ही लहान गोष्ट नव्हती. पण रात्रभर लाकडी फळीवर पडून येणाऱ्या माणसाच्या पाठीला नव्या नावाचा उपयोग नव्हता. पाटी बदलली, फळी तीच राहिली.

११/
फळी बदलली ती एका मराठी रेल्वेमंत्र्याने. मधू दंडवते: अहमदनगरचा जन्म, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, राजापूरचे समाजवादी खासदार. १९७७ मध्ये जनता सरकारात ते रेल्वेमंत्री झाले. त्यांची भूमिका स्पष्ट होती. पहिला वर्ग खाली ओढायचा नाही, दुसरा वर्ग वर उचलायचा.

१२/
याची दोन फळे दिसली. पहिले म्हणजे डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई आणि हावडा यांच्यात सुरू झालेली गीतांजली एक्स्प्रेस, एकाच वर्गाची गाडी. दुसरे फळ दिसायला किरकोळ होते: दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम. आधी मुख्य मार्गांवरील गाड्यांत, मग हळूहळू सर्वत्र. कोट्यवधी लोकांच्या रात्री त्या दोन इंचांनी बदलल्या. भारतीय प्रवाशाच्या शरीरापर्यंत पोहोचलेले इतके थेट धोरण क्वचितच सापडेल.

१३/
आता विमानाकडे. १९५० च्या दशकात आंतरराष्ट्रीय हवाई प्रवासात आधी ‘टूरिस्ट’ आणि मग ‘इकॉनॉमी’ वर्ग आला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सवलतीची तिकिटे वाढली, तेव्हा पूर्ण भाडे देणारे व्यावसायिक प्रवासी कुरकुरू लागले. त्यांच्यासाठी बिझनेस वर्ग निघाला. पुढे या वर्गातील खुर्चीचा सपाट बिछाना होत गेला आणि तिचे भाडे सामान्य प्रवाशाच्या आवाक्याबाहेर गेले. मध्ये मोठी पोकळी उरली.

१४/
ती भरायला १९९० च्या दशकाच्या आरंभी तैवानची एव्हा एअर आणि ब्रिटनची व्हर्जिन अटलांटिक पुढे आल्या. व्हर्जिनने १९९२ मध्ये या वर्गाला आधी दिलेले नाव होते ‘मिड क्लास’. मधला वर्ग! जीआयपीच्या एखाद्या जुन्या कारकुनाला ते वाचून आपला ‘इंटर’ नक्की आठवला असता.

१५/
भारतात हा वर्ग जानेवारी २०१५ मध्ये विस्ताराने आणला, तोही देशांतर्गत उड्डाणांवर. इथे जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. ए-३२० सारख्या अरुंद विमानात प्रीमियम इकॉनॉमीच्या रांगेतही तीन-तीन अशी सहाच आसने होती, म्हणजे खुर्चीची रुंदी इकॉनॉमीइतकीच. वाढली ती पाय पसरायची जागा आणि जेवणाची बडदास्त. पाटी पूर्ण बदलली, बाक अर्धेच.

१६/
रुंद विमानात गोष्ट वेगळी असते. विस्ताराच्या बोइंग ७८७-९ मध्ये प्रीमियम इकॉनॉमीची २१ आसने होती: तीन रांगा, प्रत्येकी दोन-तीन-दोन. एअर इंडियाने २०२४ मध्ये सेवेत आणलेल्या एअरबस ए-३५० मध्ये ती २४ आहेत: रांगा तीनच, पण दोन-चार-दोन. रांगेत एक माणूस वाढला, विमान मात्र आतून फक्त बारा सेंटिमीटरने रुंद आहे.

१७/
हिशेब गांधीजींच्या पद्धतीने करून पाहावा. आतील रुंदीला रांगेतील माणसांनी भागले की प्रत्येकाचा वाटा निघतो (मार्गिका आणि हातटेकण्या धरून):
• बोइंग ७८७: ५.४९ मीटर, ७ जण, सुमारे ७८ सेंमी
• बोइंग ७७७: ५.८७ मीटर, ८ जण, सुमारे ७३ सेंमी
• एअरबस ए-३५०: ५.६१ मीटर, ८ जण, सुमारे ७० सेंमी
वाट्यातील सगळी जागा खुर्चीला जात नाही. काही मार्गिकेत, काही हातटेकणीत मुरते. तरीही एक गोष्ट उघड होते. वर्गाचे नाव तिन्ही ठिकाणी एकच असले, तरी वाटा एकच नसतो.

१८/
याहून बोलका हिशेब इकॉनॉमीचा आहे. बोइंग ७७७ नव्वदच्या दशकात सेवेत आले, तेव्हा इकॉनॉमीच्या रांगेत सहसा नऊ आसने असत. पुढे बहुतेक कंपन्यांनी दहा बसवली. माणशी वाटा ६५ वरून ५९ सेंटिमीटरच्या आसपास आला. विमान तेच, तिकिटावरचा वर्ग तोच. प्रीमियम इकॉनॉमी ऐसपैस वाटते, त्यामागे तिची स्वतःची जागा आहेच; पण शेजारच्या वर्गाचा संकोचही आहे. १८७० च्या दशकात निघालेली बाके इथे पुन्हा आठवतात.

१९/
एक सोय मात्र वर्ग पाहत नाही: हवा. जुन्या धाटणीच्या विमानांत उड्डाणादरम्यान आतील हवेचा दाब सुमारे ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका उतरतो. ७८७ आणि ए-३५० मध्ये तो साधारण ६,००० फुटांच्या पातळीला रोखला जातो. कळसूबाई ५,४०० फुटांची. म्हणजे नव्या विमानातील प्रवासी कळसूबाईपेक्षा जरा उंच बसतो, जुन्या विमानातील त्याहून खूपच वर. मुंबई ते न्यूयॉर्क या पंधरा-सोळा तासांत हा फरक थकव्यात जाणवतो. तो पहिल्या रांगेतल्याला आणि शेवटच्या रांगेतल्याला सारखाच मिळतो. त्यामुळे साध्या तिकिटावर जाणाऱ्याने वर्गाइतकेच विमानही पाहावे.

२०/
पुण्याचा स्वतःचा अनुभवही या साखळीत बसतो. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, लांबी सुमारे अडीच किलोमीटर. लांब पल्ल्याची, भरल्या टाकीची मोठी विमाने तिथून सहज उडत नाहीत. तरीही २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली. विमान लहान, आसने पन्नासहून कमी आणि सर्वच्या सर्व बिझनेस वर्गाची. चाकण परिसरातील वाहनउद्योगाची ये-जा हा तिचा आधार होता. १९३० ची डेक्कन क्वीन आणि २००८ चे हे विमान, दोन्ही पुण्यात आली ती वरच्या वर्गाचा हात धरून.

२१/
पण वरच्यांसाठी आलेली गोष्ट कायम वरच्यांचीच राहते असे नाही. डेक्कन क्वीनमध्ये २०२१ पासून काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा आहे, २०२२ पासून नवे एलएचबी डबे आहेत. त्याच गाडीत दुसऱ्या वर्गाच्या आसनावर बसून विद्यार्थी, नोकरदार आणि पासधारक घाट उतरतात. ज्या वर्गाला या गाडीने पंचवीस वर्षे आत घेतले नाही, त्याच वर्गाच्या वारसांनी ती आज भरलेली असते.

२२/
या दीडशे वर्षांत नाव बदलण्याचे प्रसंग अनेक आले: १९४९, १९७४, १९९२, २०१५. बाक बदलण्याचे प्रसंग मोजके: १८८५ मध्ये परत आलेली बाके आणि दंडवत्यांचे दोन इंच. पहिल्या यादीने प्रवाशाच्या तिकिटाला नवी अक्षरे दिली. दुसरीने त्याच्या गुडघ्यांना आणि पाठीला विसावा दिला.

२३/
म्हणून सत्तरीतल्या आजीला सोळा तासांच्या प्रवासाला पाठवताना तिकिटावरचा शब्द वाचून थांबू नये. विमान कोणते, रांगेत माणसे किती, पुढच्या आसनापर्यंत अंतर किती, हे पाहावे. प्रीमियम इकॉनॉमीत दोन रांगांमधील अंतर साधारण ३८ इंच असते, इकॉनॉमीत ३१-३२. सहा-सात इंचांचा हा फरक दुखऱ्या गुडघ्याला चांगलाच कळतो. तो परवडत नसेल, तर खालच्या वर्गाची फळी इतकी कठीण का, हे विचारण्याचा हक्क तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून १९१७ मध्येच मिळालेला आहे.

(समाप्त)