पान एकाचं, दिसलं दुसऱ्यालाच

25 डिसेंबर 2015, सकाळ. अमेरिकेत नाताळची सुट्टी. 'स्टीम' या संगणकावरच्या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात हिवाळी सेल जोरात सुरू आहे. दुकान चालवणारी व्हॉल्व्ह ही कंपनी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूची. पुढच्या सगळ्या वेळा तिकडच्या, पॅसिफिक प्रमाणवेळेनुसार आहेत. भारतात तेव्हा रात्र होती.

सकाळीच हल्ला सुरू होतो. दुकान बंद पडावं म्हणून खोट्या मागण्यांचा मारा केला जातो. सेलच्या दिवसांत एरवी होते त्यापेक्षा रहदारी 2000 टक्क्यांनी वाढते. व्हॉल्व्हला असे हल्ले नवे नाहीत.

पहिली लाट. व्हॉल्व्हला कॅशिंगची सेवा पुरवणारी भागीदार कंपनी नवे नियम लावते. मूळ सर्व्हरवरचा भार हलका करायचा आणि खऱ्या गिऱ्हाइकांची वाट मोकळी ठेवायची, हा हेतू. पानाची प्रत गिऱ्हाइकाजवळच्या एज सर्व्हरवर ठेवायची आणि पुढच्या माणसाला तिथूनच द्यायची, ही यामागची रीत. गेमचं चित्र किंवा वर्णन सगळ्यांना सारखंच दिसतं, त्यामुळे त्याची प्रत लाखोंना दिली तरी बिघडत नाही. खात्याचं पान मात्र एकाच माणसासाठी तयार झालेलं असतं. असं पान साठवू नये, असा इशारा मूळ सर्व्हर देऊ शकतो. पण बहुतेक कॅशिंग सेवांमध्ये स्वतःचा नियम लिहून तो इशारा डावलताही येतो. धोका इथेच असतो.

सकाळी 11.50. हल्ल्याची दुसरी लाट सुरू असताना नियमांचा दुसरा संच लागू होतो आणि तो चुकीचा निघतो. लॉग-इन केलेल्या गिऱ्हाइकांची पानंही आता एजवर साठू लागतात. भारतात 26 तारखेच्या पहाटेचे 1.20 वाजले आहेत.

11.50 ते 1.20. कुणाला दुकान अचानक रशियन भाषेत दिसतं. कुणी आपलं खातं उघडतो, तर समोर परक्याचा ईमेल पत्ता. काही पानांवर बिलाचा पत्ता आहे, काहींवर खरेदीचा इतिहास, फोन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे किंवा क्रेडिट कार्डाचे शेवटचे दोन. खातं हॅक झालं, असं वाटून माणसं घाबरतात, आणि घाबरलेला माणूस आधी आपलंच खातं तपासायला जातो. या दीड तासात नेमकं तेच घातक होतं, कारण उघडलेलं पान साठवलं जाऊन पुढच्या अनोळखी माणसाच्या हाती पडू शकत होतं. ज्यांनी या वेळात दुकानात खात्याचं किंवा पैसे भरण्याचं पान उघडलंच नाही, त्यांची माहिती सुरक्षित राहिली.

दुपारी 1.20. ही गळती थांबते. चूक लक्षात आल्यावर दुकानच बंद केलं गेलं. नवे नियम लावले जातात, सगळे नियम पुन्हा तपासले जातात. प्रत्येक एज सर्व्हरवर नवे नियम पोहोचले आणि जुन्या प्रती पुसल्या गेल्या, याची खात्री होईपर्यंत दुकान उघडत नाही. हे मात्र व्हॉल्व्हने योग्य केलं.

त्याच दिवशी कंपनी सांगते : हा प्रकार तासाभरापेक्षाही कमी वेळ चालला आणि गिऱ्हाइकांनी काहीही करण्याची गरज नाही.

30 डिसेंबर. सविस्तर निवेदन आणि माफी. 'तासाभरापेक्षा कमी' असलेला वेळ आता दीड तास होतो. सुमारे 34,000 जणांची पानं इतरांना दिसली असण्याची शक्यता कंपनी मान्य करते. पासवर्ड किंवा संपूर्ण कार्ड क्रमांक फुटले नव्हते, हे खरं. पण घरचा पत्ता एकदा परक्याने पाहिला, की तो पासवर्डासारखा बदलता येत नाही. ही माहिती लोकांना पाच दिवसांनी नव्हे, त्याच रात्री मिळायला हवी होती.

एजवर नियम लिहिणाऱ्यांना एकच विनंती : हल्ला सुरू असला तरी नवा नियम लावण्याआधी दोन वेगळ्या खात्यांनी, दोन वेगळ्या ब्राउझरांमधून लॉग-इन करून पाहा. दुसऱ्याला पहिल्याचं नाव दिसलं, तर दुकान बंद ठेवा, पण तो नियम लावू नका.